खारपाण

दर्यापूरच्या स्टँडवर उतरलो
तेव्हा बुटांच्या शिवणीत अजून रेती होती
साल्वादोरची.
दर्यापूरला दर्या नाही. पूर्णा आहे,
मे महिन्यात तीही डबक्यांपुरती.
ऑटोवाल्यानं विचारलं, "अकोल्याहून आले काय?"
मी म्हटलं, हो.

कंपनीनं पाठवलं होतं ब्राझीलचा कापूस बघायला.
पाच दिवस यंत्रं, बोंडअळी, आकडे,
आणि एक रविवार मोकळा.

घरी लाइन गेलेली.
आई ओसरीवर तूर पाखडत होती.
मोबाईल तिच्यासमोर धरला,
हे पाय, समुद्र.
हा दीपस्तंभ. ही माणसं.
"उनात काहून पडले?"
हौसेनं.
"फुकट?"
नाही, खुर्चीचे पैसे लागतात.
त्रेचाळीस डिग्रीत बसून
आई इतकी हसली की सूप हललं.

ही लिफ्ट.
शहर दोन मजली आहे, दर्याकाठचं आणि टेकडीवरचं,
ही खालच्या गावातून वरच्या गावात नेते,
काही पैशांत, मिनिटभरात.
आईनं आमच्या वस्तीकडून
वरच्या आळीकडं एकदा पाहिलं.
"आपल्या इथं कवा लागन?"

मग ती बाई.
पांढरा खळ दिलेला घेर, डोक्याला फडकं,
लालभडक तेलात वडे सोडणारी.
"कायचे?"
चवळीचे.
"पाट्यावरची?"
पूर्वी पाट्यावरचीच. आत झिंगे भरतात.
"नाव काय तिचं?"
नाव मी विचारलं नव्हतं.
"दोन वडे खाल्ले अन् नाव नाई इचारलं?"
पुढचे तीन फोटो तिनं पाहिलेच नाहीत.

एक चौक होता, दगडी, उताराचा.
भोवती पिवळी, निळी, गुलाबी घरं,
ढोल, सेल्फी, नारळपाणी.
चौकाचं नाव मात्र खांबावरून पडलेलं.
माणसं बांधून फटके मारायचे तो खांब.
समुद्रापलीकडून जहाजात भरून आणलेली माणसं.
"खांब हाये अजून?"
नाही. नाव आहे.
"नाव ऱ्हातेच,"
ती म्हणाली, आणि तुरीतला खडा
अंगणात लांब फेकला.
गोड्या विहिरीची वाट म्हणतात आमच्याकडं एका रस्त्याला.
विहीर बुजली. माझ्या आज्याला
तिच्या काठापर्यंतही जाता आलं नाही.
आमची होती ती खारी.

रात्री बॅग उपसली.
मोज्यात गुंडाळलेली बाटली, अर्धी भरलेली:
तूच म्हणाली होतीस ना, दर्याचं पाणी आण.
मी तिथं गुडघाभर शिरून ओंजळ तोंडाला लावली होती
आणि जिभेनं लगेच ओळख दिली होती,
थोडी जास्तच, पण घरची.
हे मी तिला सांगितलं नाही.
तिनं तळहातावर थेंब घेतला, चाखला,
डोळे मिटून नीट चाखला,
आणि मोरीत थुंकली.
"याच्यातबी डाय शिजनार नाई."

देवळाच्या कठड्याला बांधायची फीत पण आणली होती, निळी.
तीन गाठी, तीन इच्छा, असं तिथं मानतात.
"आपल्यात नवस नाई," ती म्हणाली.
छप्पन साली तिच्या बापानं
देव नदीत सोडले होते, तेव्हापासून नाही.
फीत तरी तिनं टाकली नाही.

सकाळी आरओच्या खोलीसमोर कॅनची रांग,
सगळ्या सारख्याच, एकीच्या कानाला निळी फीत.
गाठ एकच. आपली कॅन ओळखू यावी म्हणून.
आणि रांगेत आई
चित्रफुलाबाई वानखडेला हातवारे करून सांगत होती,
"थ्या तिकडं दर्याकाठी
गयाबाई नावाची एक बाई हाये.
चवळीचे वडे तयते.
आमच्या संघपालनं खाल्ले तिच्या हातचे."